विश्लेषण : सफा ते मरवा… मक्केतील ‘सई’चा मार्ग रुंद करण्यावरून वाद का झाला होता?

मक्केच्या मस्जिद-अल-हरामचे फोटो म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो काबा आणि त्याभोवती फिरणारा जनसमुदाय. मात्र त्याच मशिदीच्या पूर्व बाजूला एक लांबलचक, सरळसोट, वातानुकूलित मार्ग आहे. हज किंवा उमराह करणाऱ्या प्रत्येकाला या मार्गावरून सात वेळा चालावे लागते. या चालण्याला ‘सई’ म्हणतात आणि मार्गाला ‘मसआ’. सई या अरबी शब्दाचा अर्थ धडपड, प्रयत्न. मराठी घरांतल्या सई या नावाशी त्याचा संबंध नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला हा मार्ग विमानतळावरच्या लांब कॉरिडॉरसारखा वाटतो. संगमरवरी फरशी, दोन दिशांना दोन मार्गिका, मध्ये व्हीलचेअरसाठी वेगळी जागा, वर पंखे आणि दिवे. पण याच मार्गाची रुंदी वाढवण्याचा निर्णय झाला तेव्हा इस्लामी जगतातल्या धर्मपंडितांमध्ये उभे दोन गट पडले. रस्ता रुंद करण्यावरून आपल्याकडेही वाद होतात, पण ते भरपाईवरून. इथे प्रश्न वेगळाच होता. नव्या भागातून चाललेली सई मुळात सई ठरते का?

सात फेऱ्या कुणाच्या आठवणीत?

मुस्लीम परंपरेनुसार हजरत इब्राहीम यांनी पत्नी बीबी हाजरा आणि तान्हा मुलगा इस्माईल यांना ईश्वरी आज्ञेने मक्केच्या निर्जन खोऱ्यात ठेवले. तेव्हा तिथे ना वस्ती होती ना पाणी. जवळचे पाणी संपले, बाळ तहानेने तडफडू लागले. हाजरा मदतीच्या शोधात सफा टेकडीवर चढल्या. कुणी दिसले नाही. खाली उतरून खोरे ओलांडले आणि समोरच्या मरवा टेकडीवर गेल्या. तिथूनही कुणी दिसले नाही. अशा सात खेपा झाल्या. शेवटी बाळाजवळच पाण्याचा झरा फुटला, तोच झमझम. ही विहीर काबापासून साधारण २० मीटरवर आहे.

हाजरा इजिप्तच्या होत्या आणि दासी होत्या, असे परंपरा सांगते. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातही त्यांची कथा आहे, मात्र तिथला प्रसंग बेरशेबाच्या रानात घडतो आणि त्यात दोन टेकड्यांमधली धावपळ नाही. म्हणजे सईचा विधी पूर्णपणे मक्केच्या भूगोलाशी बांधलेला आहे. पैगंबरांपासून राजांपर्यंत, पंडितांपासून मजुरांपर्यंत प्रत्येकाला एका एकट्या स्त्रीच्या पावलांवर पाऊल टाकून चालावे लागते, ही बाब हजविषयी लिहिताना फारशी ठळक केली जात नाही. ती व्हायला हवी.

इस्लामपूर्व काळातही या दोन टेकड्यांमध्ये लोक चालत असत. तेव्हा सफावर इसाफ आणि मरवावर नाइला नावाच्या मूर्ती होत्या, असे इस्लामी परंपरा सांगते. त्यामुळे मुस्लीम झाल्यानंतर काहींना इथे चालण्याचा संकोच वाटू लागला. कुराणातील सूरह अल-बकराच्या १५८व्या आयतीने तो दूर केला. सफा आणि मरवा ही ईश्वराच्या खुणांपैकी आहेत आणि त्यांच्यामध्ये फेऱ्या घालण्यात दोष नाही, असा तिचा आशय आहे.

फेऱ्या कशा मोजतात?

इथे पहिल्यांदा जाणाऱ्यांचा हमखास गोंधळ उडतो. सफा ते मरवा ही एक फेरी. मरवा ते सफा ही दुसरी. जाऊन-येऊन एक, असे धरायचे नाही. तसे धरले तर सातऐवजी चौदा खेपा होतात आणि थकलेले पाय आणखी तीन किलोमीटर ओढावे लागतात.

दोन्ही टोकांमधले अंतर साधारण ४५० मीटर सांगितले जाते. सात फेऱ्यांचे मिळून सव्वातीन किलोमीटरच्या आतबाहेर चालणे होते. मोजमाप कुठून कुठपर्यंत घेतले यावर हा आकडा बदलतो, काही ठिकाणी मार्गाची लांबी ४०० मीटरच्या आसपासही दिली जाते. मोकळ्या मार्गावर पाऊण तास, गर्दीत तास-दीड तास.

गंमत सात या आकड्यात आहे. सात ही विषम संख्या. सुरुवात सफावर होते, त्यामुळे शेवट आपोआप मरवावर होतो. म्हणजे आत येणारे एका टोकाला आणि बाहेर पडणारे दुसऱ्या टोकाला. फेऱ्या सहा किंवा आठ असत्या तर सगळ्यांची सुरुवात आणि शेवट एकाच टेकडीवर झाला असता, आणि काम संपवून निघालेले लोक नव्याने येणाऱ्यांवर आदळले असते. गर्दीचे नियोजन करणारा कुठलाही अभियंता प्रवेश आणि निर्गम वेगळे ठेवायला धडपडतो. इथे ते काम विधीनेच करून ठेवले आहे.

हिरवे दिवे कशासाठी?

मार्गावर एका ठरावीक टप्प्यात छतावर आणि भिंतींवर हिरवे दिवे लागलेले दिसतात. त्या टप्प्यात पुरुष यात्रेकरू चालण्याऐवजी हलके धावतात. कारण पूर्वी इथे खोऱ्याचा खोलगट भाग होता. हाजरा त्यात उतरल्या की टेकडीआडून बाळ दिसेनासे होई, म्हणून त्या तेवढा भाग धावत पार करत आणि पलीकडे चढ लागला की पुन्हा चालू लागत.

आज तिथे ना उतार आहे ना चढ. बांधकामाच्या वेगवेगळ्या टप्प्यांत जमीन सपाट झाली. एका दरीची आठवण आता फक्त ट्यूबलाइटच्या रंगात उरली आहे. आणखी एक विसंगती आहे. धावल्या त्या हाजरा, पण आज या टप्प्यात धावण्याचा प्रघात फक्त पुरुषांसाठी आहे. स्त्रियांनी नेहमीच्या चालीने जायचे, असे बहुतेक फिकह ग्रंथ सांगतात. गर्दीत पडझड होऊ नये आणि मर्यादा राखली जावी, हे कारण दिले जाते. ते मान्य केले तरी विसंगती उरतेच.

बाजारपेठ ते बहुमजली मार्ग

स्विस प्रवासी योहान लुडविग बुर्कहार्ट १८१४ मध्ये मक्केत होता. त्याने पाहिलेला मसआ हा शहरातला सरळ, लांब आणि सर्वाधिक गजबजलेला रस्ता होता. दोन्ही बाजूंना दुकाने, मालाचे लिलाव, फेरीवाले, आणि त्यातूनच वाट काढत सई करणारे यात्रेकरू. मशीद वेगळी आणि हा रस्ता वेगळा, अशीच स्थिती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती.

१९५५ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या सौदी विस्तारात दुकाने हटली, मार्ग मशिदीच्या इमारतीला जोडला गेला आणि वर दुसरा मजला चढला. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या दिशा वेगळ्या झाल्या. त्या काळासाठी ही मोठी सुधारणा होती. पण विमानप्रवास स्वस्त झाला, उमराह वर्षभर होऊ लागली आणि साधारण २० मीटर रुंदीचा मार्ग अपुरा पडू लागला. रमजानमध्ये तर पाय ठेवायला जागा नसे.

राजे अब्दुल्ला यांच्या काळात, २००७-०८ मध्ये, मार्ग पूर्वेकडे वाढवून ४० मीटर करण्याचे काम हाती घेण्यात आले. मजले चार झाले. मसआची क्षमता ताशी ४४ हजारांवरून १ लाख १८ हजारांवर गेली, असे तेव्हा सांगण्यात आले.

हा आकडा मात्र जरा तपासून घ्यावा असा आहे. १ लाख १८ हजार भागिले चार मजले, म्हणजे एका मजल्यावर ताशी २९ हजार ५००. प्रत्येकाच्या सात फेऱ्यांपैकी चार मरवाच्या दिशेने आणि तीन सफाच्या दिशेने होतात. म्हणजे मरवाकडे जाणाऱ्या मार्गिकेवर परतीच्या मार्गिकेपेक्षा एक तृतीयांश जास्त भार असतो. त्या मार्गिकेतून ताशी १ लाख १८ हजार खेपा, रुंदी जास्तीत जास्त २० मीटर. हिशेब केला तर रुंदीच्या दर मीटरमागे मिनिटाला ९८ माणसे पार व्हायला हवीत. पादचाऱ्यांच्या नियोजनात सपाट मार्गासाठी ८०च्या आसपासचा दर हीच वरची मर्यादा धरतात, आणि तोही खांद्याला खांदा लागलेल्या अवस्थेत. त्यामुळे हा आकडा सात फेऱ्या पूर्ण करणाऱ्यांचा नसून मार्गातल्या एखाद्या ठिकाणाहून पुढे सरकणाऱ्यांचा असावा, असे मानणे सुरक्षित. क्षमता वाढली यात शंका नाही. पण अशा जाहीर आकड्यांवर विसंबून कुणी आपल्या सत्तरीतल्या आईला ‘आता गर्दी होत नाही’ असे सांगू नये.

मग वाद कशावरून?

आयतीत आणि हदीसमध्ये सई ‘सफा आणि मरवा यांच्यामध्ये’ करायची आहे. विरोध करणाऱ्या धर्मपंडितांचा मुद्दा साधा होता. टेकड्यांची रुंदी ठरलेली आहे. मार्ग टेकडीच्या रुंदीबाहेर गेला तर त्या पट्ट्यात चालणारा माणूस दोन टेकड्यांमध्ये नाही, शेजारून चालतो आहे. नवव्या शतकातील मक्केचा इतिहासकार अल-अझरकी याने त्या काळच्या मार्गाची मोजमापे लिहून ठेवली आहेत, तीही विरोधकांनी पुढे केली. सौदी अरेबियाच्या वरिष्ठ धर्मपंडितांच्या मंडळातच बहुमत रुंदीकरणाच्या बाजूने नव्हते. मजले वाढवा, रुंदी नको, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की दोन्ही टेकड्या मुळात आजच्या अवशेषांपेक्षा कितीतरी रुंद होत्या, शतकानुशतकांच्या बांधकामात त्या तासल्या गेल्या. त्यासाठी मक्केतल्या वयोवृद्ध रहिवाशांच्या साक्षी नोंदवण्यात आल्या. लहानपणी टेकडी कुठपर्यंत पाहिली, तिच्यावर कुणाची घरे होती, हे त्यांनी सांगितले. जमिनीखालच्या खडकाचीही पाहणी झाली. अखेर काम पुढे रेटले गेले. २००८ मध्ये जुना भाग पाडून नव्याने बांधला जात असताना काही काळ सई फक्त नव्या भागातूनच करता येत होती. त्यामुळे ज्यांना रुंदीकरण पटले नव्हते त्यांच्यासमोर थेट पेच उभा राहिला. उमराहला जावे की थांबावे, असे प्रश्न भारतासह अनेक देशांतल्या मुफ्तींकडे गेले.

आज हा वाद शमला आहे. बहुतेक पंडितांनी नवा मार्ग मान्य केला आहे. रुंदीकरणाचा निर्णय योग्य होता, असेच म्हणावे लागेल. लाखो लोकांना अरुंद जागेत कोंबण्याची किंमत काय असते, हे हजच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसले आहे. १९९० मध्ये मक्केजवळच्या बोगद्यात चेंगराचेंगरी होऊन १,४२६ जणांचा मृत्यू झाला. २०१५ मध्ये मीना येथे दोन रस्त्यांवरून आलेले लोंढे एका चौकात मिळाले. सौदी सरकारने ७६९ मृत्यू सांगितले, पण वेगवेगळ्या देशांच्या आकड्यांची बेरीज असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने केली तेव्हा ती २,४००च्या वर गेली. समोरासमोर किंवा आडवे येणारे प्रवाह, ही चेंगराचेंगरीची जुनी कृती आहे. मसआत एकदिशा मार्गिका आणि पुरेशी रुंदी असणे ही चैन नव्हे.

पण ज्या वादात टेकडी मुळात केवढी होती यासाठी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवर विसंबावे लागले, तो वाद आणखी एक गोष्ट सांगून जातो. टेकड्या जपल्या असत्या तर साक्षी काढायची वेळच आली नसती. सफाच्या खडकाचा थोडा भाग आज संरक्षित करून ठेवलेला दिसतो, मरवाचा तर बहुतांश फरशीखाली गेला. याच शहरात २००२ मध्ये ऑटोमन काळातला अजयाद किल्ला पाडला गेला आणि त्या जागी ६०१ मीटर उंच घड्याळाचा मनोरा असलेले हॉटेल संकुल उभे राहिले. किल्ला पाडण्यामागे यात्रेकरूंच्या सोयीचे कारण पुढे करता येते. पण सोय आणि स्थावर मालमत्तेचा धंदा यांतली रेषा मक्केत बऱ्याचदा पुसट असते.

कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या यात्रेकरूला फरक पडतो का?

पडतो. रत्नागिरी, रायगडकडचे कोकणी मुस्लीम प्रामुख्याने शाफई पंथाचे आहेत, तर राज्याच्या इतर भागांतले बहुतेक सुन्नी मुस्लीम हनफी. शाफई मतानुसार सई हा हज आणि उमराहचा ‘रुक्न’, म्हणजे आधारस्तंभ आहे. ती राहिली तर विधीच अपुरा राहतो, भरपाई देऊन सुटका नाही. हनफी मतानुसार ती ‘वाजिब’ आहे. राहून गेली तर जनावराची कुर्बानी देऊन भरपाई करता येते. एकाच विमानातून गेलेल्या दापोलीच्या आणि बीडच्या यात्रेकरूंना आजारपणात सई अर्धवट सोडावी लागली, तर दोघांना मिळणारी उत्तरे वेगळी असू शकतात. प्रशिक्षण शिबिरात सरसकट एकच माहिती देणे म्हणूनच पुरेसे नाही.

स्त्रियांबाबतही असाच एक व्यावहारिक मुद्दा आहे. मासिक पाळीत काबाभोवतीचा तवाफ करता येत नाही, पण सईसाठी शुद्धतेची अट बहुसंख्य पंडितांनी मानलेली नाही. तवाफ झाल्यानंतर पाळी आली तर सई पूर्ण करता येते. अडचण अशी की मसआ आता मशिदीच्या इमारतीला जोडलेला आहे. मग तिथे प्रवेश चालेल का? इमारत जोडली गेली तरी मसआला मशिदीचे नियम लागू होत नाहीत, असे मत इस्लामी फिकह परिषदेने बहुमताने दिले आहे. ही माहिती नसल्याने एखादी स्त्री विनाकारण दिवस मोजत खोलीत बसून राहू शकते. २०२३ मध्ये मेहरमविना, म्हणजे सोबत पुरुष नातेवाईक नसताना, हजला गेलेल्या भारतीय स्त्रियांची संख्या चार हजारांवर होती. त्यांनी हा प्रश्न विचारायचा कुणाला? त्यांच्या शिबिरात तो सांगणारी स्त्री प्रशिक्षक असणे आवश्यक आहे.

तिसरा मुद्दा वयाचा. भारताचा हज कोटा १ लाख ७५ हजार २५ इतका आहे. सरकारी धोरणात ज्येष्ठांना प्राधान्य मिळते. पूर्वी त्यासाठी वयोमर्यादा ७० होती, २०२५च्या धोरणात ती ६५ झाली. हे योग्यच आहे, आयुष्यभर पैसे साठवलेल्या माणसाला सोडतीवर सोडता येत नाही. पण मग चालण्याचा हिशेबही धोरणातच यायला हवा. बहुतेक भारतीय यात्रेकरू आधी उमराह आणि नंतर हज अशा ‘तमत्तू’ पद्धतीने विधी करतात. त्यात सई दोनदा येते. म्हणजे फक्त मसआतच सहा किलोमीटरच्या वर चालणे, तेही कडक संगमरवरावर, बहुतेक वेळा अनवाणी. दुसरी सई तर अरफात, मुझदलिफा आणि मीना इथली पायपीट सोसून झाल्यानंतरची.

मसआ स्वतः थंड आणि छताखाली आहे, तिथवर पोहोचण्याची वाट तशी नाही. २०२४ च्या हजमध्ये मशिदीच्या परिसरात पारा ५१.८ अंशांवर गेला होता. त्या वर्षी १,३०१ यात्रेकरू दगावले, त्यांतले बहुसंख्य परवान्याविना आलेले होते. भारतीयांच्या मृत्यूंचा आकडा परराष्ट्र मंत्रालयाने ९८ सांगितला होता.

मुंबईत हज हाउस आहे, हज कमिटी ऑफ इंडियाचे मुख्यालय तिथेच आहे. मुंबईशिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरहूनही यात्रेकरूंची विमाने सुटत आली आहेत. म्हणजे तयारी करून घ्यायला यंत्रणा जवळ आहे. दुआ पाठ करून घेण्याइतकेच महत्त्व निघण्याआधीचे दोन-तीन महिने रोज चालण्याच्या सरावाला दिले, गुडघ्यांची तपासणी सक्तीची केली, तर खर्च फार नाही.

जाणाऱ्यांच्या घरच्यांसाठी काही गोष्टी

व्हीलचेअरवरून केलेली सई अडचण असलेल्यांसाठी ग्राह्य आहे, त्यात कमीपणा नाही. मधल्या मार्गिका त्यासाठीच आहेत आणि वरच्या मजल्यावर पैसे भरून बॅटरीवर चालणाऱ्या गाड्याही मिळतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये बसून दम घेता येतो. नमाजची वेळ झाली तर थांबून नंतर तिथूनच पुढे सुरू करता येते. सईत मोजे किंवा स्वच्छ चप्पल घालण्याबाबत स्त्रियांना अडचण नाही. पुरुषांना इहराममध्ये मोजे चालत नाहीत, घोटे उघडे राहतील अशी चप्पल चालते. टाचांना भेगा असणाऱ्या आणि मधुमेह असणाऱ्या पुरुषांनी ही चप्पल पिशवीतून सोबत ठेवावी. गर्दी सर्वाधिक दाटते ती दोन टोकांना, कारण तिथे लोक काबाकडे तोंड करून दुआसाठी थांबतात. वृद्धांनी टेकडीच्या अगदी वर न जाता कडेने वळावे.

मोजणी चुकली तर? पाच झाल्या की सहा, असा संशय आला की कमी आकडा धरायचा आणि पुढे चालायचे. हल्ली बोटात घालायचे डिजिटल काउंटर आणि मोबाइल अ‍ॅप सर्रास वापरली जातात. पण त्यांचीही गरज फारशी पडू नये. विषम फेरी असेल तर तोंड मरवाकडे असते आणि सम फेरी असेल तर सफाकडे. सातवी संपते मरवावर. उमराह असेल तर इथून पुढे फक्त केस कापायचे राहतात, आणि न्हाव्यांची दुकाने मरवाच्या दाराबाहेरच आहेत.